सौ. आईचे अनेक आशीर्वाद

लतिका करंबेळकरचं जर्मनीत नाव झालं ते तिच्या जर्मन भाषेमुळे, असं साताऱ्यात सगळे समजतात. समजोत बापडे. खरं म्हणजे ते झालं मोडीमुळे, आणि मोडी तिला आली अण्णांमुळे.

अण्णा म्हणजे तिचे वडील, दिनकरराव. साताऱ्याच्या कचेरीत जुने कागद वाचून द्यायचं काम करायचे. इनामाचे, वतनाचे, भावाभावांच्या तंट्याचे दोनदोनशे वर्षांपूर्वीचे कागद त्यांच्यापुढे यायचे आणि अण्णा ते बाळबोध अक्षरात उतरवून द्यायचे. घरात श्रीनाथसारखा मुलगा असूनही मोडी त्यांनी शिकवली ती मुलीला. श्रीनाथला दुसऱ्या ओळीतच जांभई यायची, आणि लतिका सात वर्षांची असल्यापासून कागद दिसला की जेवायची हाक ऐकायची नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "कुणाच्या वतनाचा निकाल लावायचाय का पोरीला?" अण्णा हसायचे आणि पुढचा कागद काढायचे.

"अक्षर नंतर. आधी हात वाच," हे अण्णांचं नेहमीचं. मोडी लिहिणारा कारकून बोरू सहसा उचलत नाही, ओळ एका दमात ओढत नेतो. "जिथे उचलला तिथे माणूस थांबला. का थांबला ते शोध." बारा वर्षांची असताना लतिकाने दोन कागद शेजारी ठेवून सांगितलं होतं की दोन्ही एकाच कारकुनाचे आहेत, पण दुसऱ्याच्या वेळी त्याला बरं नव्हतं. अण्णांनी ही गोष्ट अर्ध्या गावाला ऐकवली. उरलेल्या अर्ध्या गावाने ती आधीच ऐकली होती.

अशी ही बापलेकीची जोडी. तिला जर्मन घेऊन एम. ए. करायचं होतं, अण्णा हो म्हणाले. पुण्याला राहायचं होतं, हो म्हणाले. १९५६ साली जर्मनीची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा नातेवाईक गोळा झाले. सव्वीस वर्षांची घोडनवरी, तिचं लग्न बघायचं सोडून तिला समुद्रापलीकडे पाठवायचं, आणि तेही कादंबऱ्या वाचायला! अण्णा एवढंच म्हणाले, "माझ्या घरात वाचणारं माणूस एकच आहे. ते मी चुलीत घालणार नाही." शिष्यवृत्तीत बोटीची तिकिटं दोनच होती, एक जायचं आणि एक यायचं. मध्येच परत आलं की कायमचं आलं.

मुंबईच्या धक्क्यावर अण्णा म्हणाले, "परीक्षा दिल्याशिवाय परत फिरायचं नाही. आणि तू जे लिहिशील ते मला वाचायचंय." हे वाक्य लतिकाने पुढे कितीजणांना सांगितलं. आईही धक्क्यावर होती, मेतकुटाचा डबा घेऊन. आई काय म्हणाली, ते मात्र तिला आठवत नाही.

स्टुटगार्टात युद्ध संपून अकरा वर्षं झाली होती, तरी रस्त्यात मध्येच एखादं घर नसायचं. बॉम्बने पडलेल्या घरांचे दगड नेऊन गावाबाहेर टेकडीवर रचले होते आणि लोक रविवारी सहकुटुंब त्यावर चढायचे. लतिकाला खोली मिळाली ती अशाच एका चढावर, दोनशे पायऱ्या वर, फ्रॉयलाइन हेगेले नावाच्या बाईंकडे. बाई एकसष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका, लग्न झालेलं नाही. जिन्याच्या बाबतीत कडक. ज्या आठवड्यात झाडायची पाळी तुमची, त्या आठवड्यात तुमच्या दाराला 'केअरवोखे' अशी पाटी लटकायची, आणि पाटी लटकली की तापाने फणफणलात तरी सुटका नाही. पहिल्या महिन्यात लतिकाने जिना वरून खाली झाडण्याऐवजी खालून वर झाडला. बाईंनी शांतपणे बघून घेतलं आणि मग स्वतः पुन्हा झाडला. त्या दिवसापासून दोघींची मैत्री झाली, ती कशी हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

घरून महिन्याला दोन निळी हवाईपत्रं यायची. बाईंना तिकिटांचा नाद नव्हता, पण अक्षरांचा होता. मास्तरीणच ती. एकदा त्यांनी पत्त्यावर बोट ठेवलं.

"तुझ्या नावाआधी हे काय असतं नेहमी?"

"कु. म्हणजे कुमारी. लग्न न झालेली."

"हां, म्हणजे फ्रॉयलाइन. आणि हे? पत्राच्या शेवटी दर वेळी असतं, टोपीत दोन पिसं खोवल्यासारखं."

"सौ. आईच्या नावाआधी येतं. नवरा जिवंत आहे अशा बाईच्या."

"आणि नसला तर?"

"तर ते जातं. दुसरं काहीतरी लिहितात."

"पुरुषांच्या नावाआधी काय?"

"श्री."

"बायको मेली तर?"

"तरी श्रीच."

फ्रॉयलाइन हेगेले टेबलावर हात आपटून हसल्या. "आल्झो, तुम्ही आमच्यासारखेच निघालात की! मी एकसष्ट वर्षांची आहे आणि पोस्टमन अजून मला पोरगी म्हणतो." तेव्हापासून पत्र आलं की त्या विचारायच्या, "मुटरची टोपी जागेवर?" मुटर म्हणजे आई. लतिका म्हणायची, "गेनाऊ, अगदी जागेवर." दोघींचा तो एक खेळच झाला.

त्याच बाईंच्या माळ्यावर ती पेटी होती. बाईंच्या पणजोबांची एक बहीण, रेगिना हेगेले, रोमँटिक काळातली कादंबरीकार. तीन कादंबऱ्या लिहिल्या, तिन्ही विस्मरणात गेल्या. तिची आणि घरच्यांची पत्रं पेटीत होती. युद्धात बाईंनी ती तळघरात बटाट्यांखाली ठेवून वाचवली होती, पण वाचली कुणीच नव्हती. जुनी जर्मन लिपी बाई शाळेत शिकल्या होत्या खऱ्या, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या घाईच्या अक्षरापुढे त्यांनीही हात टेकले होते. त्या लिपीत एन, यू, ई सगळं एकाच नागमोडी रेघेसारखं दिसतं. विद्यापीठातली जर्मन मुलं तर पहिलं पान बघूनच चष्मा पुसायला लागायची.

लतिकाला पहिल्या पानावर घरी आल्यासारखं वाटलं. अक्षरं वेगळी, पण लिहिणारा माणूस तसाच, टाक न उचलता ओढत जाणारा. आठवड्यात ती अडखळत वाचायला लागली, तीन महिन्यांत सरळ. तिच्या प्रोफेसरांनी दोन पानं ऐकली आणि तिचा आधीचा विषय तिथेच बदलून टाकला. नवा विषय ठरला: रेगिना हेगेले, तिचं आयुष्य आणि तिच्यावरचा घराचा प्रभाव.

प्रभाव म्हणजे बापाचा. रेगिनाचा बाप खेड्यातला पाद्री. मुलीला त्यानेच लॅटिन शिकवलं, तिच्या पहिल्या गोष्टी त्यानेच वाचल्या. पुढे पोटासाठी ती ड्रेस्डेनजवळच्या एका जहागीरदाराकडे मुलांना शिकवायला राहिली, पण प्रत्येक प्रकरण लिहून झालं की बापाला पोस्टाने पाठवायची. बाप वाचून उत्तर द्यायचा. इथे घाई केलीस, इथे नायिका उगाच रडते, हे छान. त्या उत्तराशिवाय पुढचं प्रकरण सुरू व्हायचं नाही. लतिकाने ही पत्रं वाचली आणि तिला दुसऱ्या कुणाचा अभ्यास करायला सांगितलं असतं तरी जमलं नसतं. साताऱ्याला लिहिलेल्या पत्रात ती म्हणाली, "अण्णा, तुमचा एक भाऊ सापडलाय इथे."

अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. १९५८च्या दिवाळीपासून ते सांगायचे आणि श्रीनाथ लिहायचा. श्रीनाथचं अक्षर म्हणजे मुंग्यांची शर्यत, पण मजकूर अण्णांचा. "अण्णा सांगतात" अशी सुरुवात आणि "सौ. आईचे अनेक आशीर्वाद" असा शेवट. अण्णा विचारायचे, प्रबंध कुठवर आला? माझे डोळे जायच्या आत होईल ना? लतिका दिवसाला दहा तास बसायची. अण्णांची दृष्टी आणि आपला प्रबंध यांची शर्यत लागली आहे असं तिला वाटायचं, आणि ती जिंकायचीच असं तिने ठरवलं होतं.

११ मार्च १९५९ला एक पत्र आलं. "अण्णा सांगतात, प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी. अभ्यासात खंड नको." आणि शेवटी, "आईचे अनेक आशीर्वाद."

तिने पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून शेवटची ओळ बघितली. मग परत घडी घातली. श्रीनाथला जागा पुरली नसेल, असं तिने मनाशी म्हटलं. खाली दोन बोटं जागा कोरी होती.

पुढच्या पत्रातही तसंच होतं. आळशी आहे, ती म्हणाली. तिसऱ्या पत्रानंतर ती काही म्हणाली नाही. पत्र वाचताना शेवटची ओळ यायच्या आतच ती घडी घालायला लागली. डोळ्यांवर कातडं ओढणं म्हणतात ते हेच, आणि ज्याला बारीक दिसतं त्याला ते जास्त जाड ओढावं लागतं.

मे महिन्यात प्रबंधाला कलाटणी मिळाली. पाद्रीबुवांची शेवटच्या दीड वर्षाची पत्रं ती पुन्हा तपासत होती. पत्रात लिहिलं होतं की दृष्टी अधू झाली आहे, हात कापतो. पण कागदावर हात कापत नव्हता. जर्मन यूवर एक छोटी कमान काढतात. बापाची कमान नेहमी डावीकडे उघडी असायची. या पत्रांत ती दोन्हीकडून नीट बंद. माणसाचं वय वाढत होतं आणि हात म्हातारा होत नव्हता. तिने रेगिनाच्या धाकट्या बहिणीचं, लुईझाचं पत्र शेजारी ठेवलं. तीच कमान.

गावच्या चर्चच्या नोंदीतून उरलेलं कळलं. बाप १८१२च्या जानेवारीत वारला होता. लढाईचे दिवस, प्रवास बंद, आणि रेगिनाची तिसरी कादंबरी अर्ध्यावर. कळलं तर पोरगी लिहायची थांबेल म्हणून लुईझाने दीड वर्ष बापाच्या नावाने प्रकरणं वाचली आणि बापाच्या नावाने उत्तरं दिली. कादंबरी पुरी झाली तेव्हा खरं सांगितलं. रेगिना त्यानंतर तीस वर्षं जगली आणि तिने मुरांब्याच्या कृतींखेरीज एक ओळ लिहिली नाही.

प्रोफेसर खुर्चीतून उठून उभे राहिले. असा शोध दहा वर्षांत एखादा लागतो, म्हणाले. लतिकाने त्याच दुपारी अण्णांना चार पानं लिहिली. हात कसा ओळखला ते लिहिलं, कमानीचं चित्र काढून दाखवलं. शेवटी लिहिलं, "विचार करा अण्णा, सख्ख्या बहिणीने दीड वर्ष फसवलं. मी प्रबंधात लुईझाला सोडणार नाही."

उत्तर यायला नेहमीपेक्षा जास्त दिवस लागले. "चि. कु. लतिकास अनेक आशीर्वाद. शोध वाचून आनंद झाला. लुईझाने केले ते बरे की वाईट हे तू लिहू नकोस. काय घडले तेवढे लिही. तिलाही लिहिताना फार कठीण गेले असेल. आईचे अनेक आशीर्वाद."

अण्णांनी आयुष्यात कुणाला काय कठीण गेलं असेल याचा अंदाज बांधला नव्हता. त्यांनी विचारलं असतं, लुईझाचे आणखी कागद आहेत का, शाई कुठली, तारीख जुळते का. हे वाक्य अण्णांचं नव्हतं. ते लिहिणाऱ्या पोराचा चेहरा तिला त्या ओळीत स्पष्ट दिसला, आणि ती हवाईपत्र हातात धरून स्वयंपाकघरात बसून राहिली.

फ्रॉयलाइन हेगेले कॉफी घेऊन आल्या. बऱ्याच दिवसांत त्यांनी खेळ खेळला नव्हता. खांद्यावरून वाकून बघितलं आणि हसतच विचारलं, "मुटरची टोपी कुठे गेली?"

लतिकाने पत्राची घडी घातली.

बाईंचं हसू हळूहळू गेलं. त्यांनीच एकदा विचारलं होतं आणि लतिकानेच एकदा सांगितलं होतं, तेव्हा समजावून द्यायचं काही उरलं नव्हतं. "कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"भाऊ आळशी आहे माझा," लतिका म्हणाली. "लिहायचं राहतं त्याच्याकडून."

"आल्झो," बाई म्हणाल्या. कप ठेवला आणि बाहेर गेल्या. त्यांच्या पाळीचा आठवडा नसताना जिना झाडल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

त्या दिवसानंतर लतिकाला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय उरली नाही. आता तिने काय करायचं? परतीचं तिकीट तिच्या ट्रंकेत होतं. पण निघाली असती तर प्रबंध गेला असता, परीक्षा गेली असती, आणि परीक्षा दिल्याशिवाय फिरायचं नाही हे तर अण्णांचं शेवटचं तोंडी वाक्य. असं ती स्वतःला सांगायची आणि ते खोटंही नव्हतं. पण आत आणखी एक गोष्ट होती, तिची तिला लाज वाटायची. जोपर्यंत आपण विचारत नाही तोपर्यंत अण्णा आहेत. पंधरा दिवसांनी निळं पत्र येतं, "अण्णा सांगतात" अशी सुरुवात होते. विचारलं की ते थांबेल. म्हणून तिनेही लिहिणं चालू ठेवलं. "तीर्थरूप अण्णांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार. चौथं प्रकरण झालं." जो माणूस नाही त्याला ती लिहीत होती, आणि जो माणूस नाही तो तिला उत्तर देत होता, आणि मध्ये श्रीनाथ बिचारा दोन्हीकडचं ओझं वाहत होता.

या सगळ्या विचारात आई कुठेच नव्हती. अण्णांचं काय, श्रीनाथचं काय, आपलं काय, सगळं तिने उलटसुलट पाहिलं. जिच्या नावाआधीचं ते अक्षर गेलं होतं, ती बाई साताऱ्यात रिकाम्या कपाळाने बसली असेल, हे लतिकाच्या मनात आलं नाही. आलं असेल तर तिने ते शेवटच्या ओळीसारखं घडीत घातलं.

डिसेंबरात तोंडी परीक्षा झाली. दीड तास ती न अडखळता बोलली. बापाने रेगिनाला काय दिलं, बहिणीने काय राखलं. शेवटी एका म्हाताऱ्या परीक्षकांनी विचारलं, "आणि आई?"

"माफ करा?"

"कादंबरीकार बाईंना आई असेल ना? बाप वारला तेव्हा ती घरातच होती की नाही?"

"होती. पण पत्रांमध्ये तिचा उल्लेख नाही."

"उल्लेख नसणं हीही एक नोंदच असते, फ्रॉयलाइन करंबेळकर," परीक्षक म्हणाले. त्यांनी पुढे ताणलं नाही. तिला उत्तम श्रेणी मिळाली. तिने साताऱ्याला तार केली, आणि तारेवर पत्ता अण्णांच्या नावाने घातला.

जानेवारीत श्रीनाथचं पत्र आलं, वर श्री न लिहिलेलं. अण्णा १९ फेब्रुवारीला गेले होते. परीक्षा होईपर्यंत ताईला कळवायचं नाही अशी त्यांनी शपथ घातली होती. मला माफ कर, असं त्याने तीनदा लिहिलं होतं. लतिका त्या दिवशी जी रडली ती खरीच रडली. अकरा महिने साठलेलं रडू होतं ते. फ्रॉयलाइन हेगेले शेजारी बसून राहिल्या आणि त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांचे उपकार लतिका आजन्म विसरली नाही, आणि त्यांच्या डोळ्यांना डोळा मात्र तिने पुन्हा कधी नीट दिला नाही.

आता तरी तिने घरी जायला हवं होतं. पण त्याच महिन्यात एका दफ्तरखान्यात जुनी पत्रं वाचून द्यायची नोकरी चालून आली. बापाचंच काम, फक्त दुसऱ्या लिपीत. तिने ती घेतली. उन्हाळ्यात जाईन, म्हणाली. मग पुढच्या उन्हाळ्यात. खरं कारण नोकरी नव्हतं. आईपुढे उभं राहायचं कोणत्या तोंडाने? आईला लिहितावाचता जेमतेम यायचं, पण चेहरा वाचायला तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. एकदा बघितलं असतं की कळलं असतं. म्हणून लतिका लोकरीच्या शाली पाठवत राहिली, त्याही साताऱ्याला! परतीच्या तिकिटाची मुदत गेली. १९६२च्या मे महिन्यात तार आली. आई झोपेत गेली.

पुढच्या वर्षी श्रीनाथ स्टुटगार्टात आला. इंजिनियर झाला होता, इथल्या एका कारखान्यात सहा महिन्यांच्या ट्रेनिंगवर. सात वर्षांनी भावाबहिणीची भेट. रविवारी दुपारी तो लतिकाच्या नव्या जागेत आला, दुधातला भात खाल्ला, कारखान्यातल्या मशिनींच्या गोष्टी सांगितल्या, फोरमनची नक्कल केली. मग ताटली बाजूला सरकवली.

"ताई, एक गोष्ट सांगायची राहिलीय. पत्रात लिहिता आली नाही."

"सांग की."

"अण्णांनी शपथ घातली होती, ते तुला माहितीय. आईने ती मोडली नाही. पण अण्णा गेल्यावरचं पहिलं पत्र मी लिहिलं ना, तेव्हा सवयीने खाली सौ. आई असं लिहून गेलो. आईने वाचून दाखवायला लावलं. ऐकलं आणि म्हणाली, फाड ते. दुसरं लिही, सौ. नको. मी म्हटलं, अगं ताईला लगेच कळेल! तर म्हणाली, मी कुठे काय कळवतेय? मी शपथ मोडत नाही. पण खोटं अक्षर माझ्या नावाआधी नको, आणि माझी पोरगी बापाच्या हाताखाली शिकलीय. ती वाचेल. वाचलं की येईल."

लतिकाने कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला.

"मग ती वाट बघायला लागली. बोट कुठल्या वारी लागते ते मला विचारायची. तुझी खोली झाडून ठेवायची रोज. मार्च गेला, एप्रिल गेला. तुझं पत्र यायचं ते अण्णांच्या नावाने, ते मी तिला वाचून दाखवायचो. ती म्हणायची, असं कसं? पोरीने बघितलं कसं नाही? मी म्हणायचो, आई, इतकं बारीक कोण बघतं? तिला अभ्यास आहे, डोक्याला ताप आहे. पण तिला काही केल्या पटेना. एकटीच होती गं ती, ताई. मी दिवसभर कॉलेजात. तिला कुणीतरी हवं होतं घरात, जे अण्णांसाठी रडेल."

खाली रस्त्यावरून ट्राम गेली. श्रीनाथने डोळ्यांवरून हात फिरवला. तो आता तिशीकडे झुकला होता, कानांवर केस पिकायला लागले होते, पण तिच्यासमोर तो दोन ओळींत जांभई देणारा पोरगाच होता.

"माझ्या मनात ते राहिलंय," तो म्हणाला. "कधीकधी रात्री वाटतं, तुला कळलं असेल. कळूनसुद्धा... म्हणून विचारतो. रागावू नको. तुला तेव्हा खरंच कळलं नव्हतं ना?"

लतिकाने त्याच्याकडे बघितलं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता, आणि तो शब्द तिच्या तोंडाशी आला होता. चार वर्षं तो कुणालातरी सांगावा असं तिला वाटत होतं. पण तो समोर बसला होता, आणि तो जे ऐकायला एवढ्या लांब आला होता ते तिला दिसत होतं.

"नाही रे," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला जागा पुरली नसेल."

"हेच!" श्रीनाथ म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला. "हेच मी आईला सांगायचो. शेवटी पटलं तिला. जायच्या आदल्या आठवड्यात आपणहून म्हणाली, नसेलच कळलं पोरीला. कळलं असतं तर ती माझ्याकडे आल्यावाचून राहिली नसती."

त्याने रुमालाने नाक पुसलं आणि आणखी थोडी कॉफी मिळेल का, असं विचारलं. लतिका उठली आणि पाणी ठेवायला गेली.